हिरवा ठिपका

९ जून

प्रिय मुंगळ्या,

पाचवीत असताना तू रोज मोजे भिजवून घरी यायचास. शाळा ते घर ह्या वाटेवरचं एकही डबकं तुझ्या पायांतून सुटत नसे. मग मी इस्त्री तापवायची, मोज्यांवर जुना रुमाल अंथरायची आणि सावकाश दाबत न्यायची. तू शेजारी स्टुलावर बसून वाट बघायचास. मोजा ऊन-ऊन असतानाच पायात चढवायचास आणि डोळे मिटून घ्यायचास. आपण दोघंही काही बोलत नसू. तुझे शब्द अडायचे, आणि मला कुठे घाई होती?

हे आज आठवायचं कारण असं की मागच्या खोलीत तू ठेवून गेलेल्या मशीनसमोर मी एक दोरी बांधली आहे. त्यातून इतकी छान गरम हवा येते की ब्लाउज तासाभरात खडखडीत वाळतो. काल दुपारी कपडे वाळत घालायला गेले तर हवा गार. स्क्रीन काळी, आणि पंखे मात्र जीव खाऊन फिरताहेत. बटण दाबून पुन्हा चालू केलं. थोडा वेळ चाललं, परत काळं. हे पत्रसुद्धा त्याच्याच मेहेरबानीने टाइप करते आहे, तेव्हा मध्येच तुटलं तर समजून घे.

जाताना तू म्हणाला होतास, "मावशी, ह्याच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही. ते आपलं आपलं आकड्यांचे अंदाज करत बसेल. अंदाज बरोबर आला की आपल्या वाट्याला इंटरनेटवरच्या नाण्याचा एक कण. तू फक्त बंद करू नकोस." मी बंद केलेलं नाही, शपथेवर सांगते.

वरच्या मजल्यावरची नर्स येता-जाता विचारते, "मावशी, आत विमान ठेवलंय का?" मी सांगते, भाच्याची खाण आहे. ती म्हणते, "सोनं लागलं की आवाज द्या, मी त्याच दिवशी नोकरी सोडते."

आता ह्याचं काय करू ते कळव. तुझं मागचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. नवी नोकरी, नवा गाव, वेळ होत नसेल, मला कळतं. वेळेवर जेवतोस ना? केस कोण कापतं?

तुझी,
मावशी


१० जून

प्रिय मावशी,

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरलो ते कळेल. आमच्यासारख्या सगळ्या खाणवाल्यांचं इंटरनेटवर एक सामायिक पान असतं. तिथे प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागतं. तुझ्याकडच्या मशीनचं नाव मी 'मावशी' ठेवलं आहे. ते चालू असलं की नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. रोज सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये मी ते पान उघडतो. 'मावशी – चालू.' बरं वाटतं. मग माझा दिवस सुरू होतो. काल तिथे 'मावशी – बंद' असं होतं, लाल ठिपका, आणि मी एक थांबा आधीच बसमधून उतरलो. उतरून काय करणार होतो देव जाणे.

तर. बहुतेक धूळ आहे. मशीन पूर्ण बंद कर, भिंतीतली पिन काढ. बाजूचा पत्रा दोन स्क्रूंवर आहे. आत आडवं, दोन पंख्यांचं, विटेएवढं जे दिसतं ते ग्राफिक्स कार्ड. खरं काम तेच करतं. रंगाचा नवा ब्रश घे आणि पंख्याच्या पात्यांमधली, मागच्या जाळीतली धूळ हळू झाड. झाडताना पंखा बोटाने धरून ठेव, फिरू देऊ नकोस.

मग त्याला ट्यून करायचं. स्क्रीनवर खाली कोपऱ्यात पंख्याचं चित्र आहे, ते उघडलं की चार पट्ट्या दिसतील. वीज सत्तर टक्क्यांवर आण. त्याखालची पट्टी गाभ्याच्या वेगाची, ती थोडी मागे घे, ह्या कामात त्याचा फारसा उपयोग नाही. तिसरी मेमरीची, तीच कामाची. ती पुढे न्यायची, पण थोडी-थोडी. आठशेपर्यंत निर्धास्त. हजाराच्या पुढे गेलीस की कार्ड चुकीची उत्तरं द्यायला लागेल, आणि बाराशेला स्क्रीन काळी. चौथी पट्टी पंख्याची, पासष्टवर ठेव. म्हणजे वीज कमी, उष्णता कमी आणि काम तेवढंच. प्रत्येक कार्डाची प्रकृती वेगळी असते, त्यामुळे धीराने कर.

केस मीच कापतो, मशीनने. मागून कसे दिसतात ते बघत नाही. खोलीत आम्ही तिघं. बाकीचे दोघं सारखे फोनवर असतात, त्यामुळे मला गप्प राहायला फार सोपं जातं. ऑफिसच्या खाली एक बाई सूप विकते, ती मला काही न विचारता वाडगा भरून देते. आवडते मला ती.

काम झालं की लगेच कळव.

तुझा,
मुंगळा


१२ जून

प्रिय मुंगळ्या,

कळवते आहे. धूळ नव्हती, लोकर होती! एक अख्खं मांजर निघालं असतं. नर्सला टॉर्च धरायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "ह्याचं ऑपरेशन करताय तर निदान हात तरी धुवा." मी हात धुतले. ती म्हणाली, "आता पेशंटला सांगा, काही होणार नाही, फक्त टोचेल." हसून-हसून माझ्या हातातला स्क्रू आत पडला आणि तो शोधण्यात अर्धी सकाळ गेली.

ट्यून करण्याचं म्हणशील, तर मला ते मुळीच कठीण गेलं नाही. इतकी वर्षं मुलींना शिवण शिकवलं ते काय उगाच? शिलाई मशीनवर धाग्याचा ताण असाच तर लावतात. चकती केसाएवढी फिरवायची, चिंधीवर दोन बोटं टीप घालायची, कापड उलटं करून बघायचं. वरून सगळ्याच टिपा सुंदर दिसतात. आमच्या कॉन्व्हेंटातल्या शिवणाच्या सिस्टर वरची बाजू बघायच्याच नाहीत. नुसता हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "उलटी दाखव." म्हणून मी मेमरीची पट्टी जरा पुढे न्यायची, चहा करायची, परत येऊन चुकीच्या उत्तरांचा आकडा बघायची. तीच ह्याची उलटी बाजू, नाही का? आता आठशेवर आहे आणि एकही चूक नाही.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. ती सूपवाली बाई मलाही आवडली. ती कशी दिसते? साधारण माझ्याएवढी आहे का लहान? तुमची खोली कोणत्या दिशेला आहे, ऊन येतं का? पुढच्या पत्रात लिही. काही बिघडलेलं असायलाच हवं असं नाही.

तुझी,
मावशी


२ सप्टेंबर

प्रिय मुंगळ्या,

आज सकाळी मशीन बंद पडलं. का ते कळत नाही. धूळ नाही, मी बघितली. पट्ट्याही आपापल्या जागी असाव्यात. मेमरीची पट्टी कुठपर्यंत गेली की स्क्रीन काळी होते म्हणाला होतास? बाराशे ना? उगाच विचारलं.

इकडे विशेष काही नाही. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद झालं, तिथे आता छपाईचं दुकान आलं आहे. दुपारी फार शांत असतं. मशीन चालू असतं तेव्हा तेवढा आवाज तरी असतो.

मावशी


२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

ऑफिसातूनच लिहितो आहे, जेवणाच्या सुट्टीत. सकाळी लाल ठिपका दिसला, आणि तुझं पत्र येईपर्यंत मी कामात तीन चुका केल्या. साहेब म्हणाले, "काय रे, घरी सगळं ठीक ना?" मी मान हलवली.

धूळ नसेल तर कार्डाच्या आतली पेस्ट वाळली असेल. गाभा आणि त्यावरचा धातूचा पत्रा ह्यांच्यामध्ये राखाडी मलम असतं, त्यातून उष्णता बाहेर जाते. ते सुकलं की आतल्या आत तापतं. संगणकाच्या दुकानात नळी मिळेल. मटारच्या दाण्याएवढीच लाव, जास्त नको. कार्ड उघडायचे चार स्क्रू आहेत, ते तिरके-समोरासमोर थोडे-थोडे सैल कर, एकदम एकच नाही. नर्सताईंना जवळ बसव.

तू सूपवालीबद्दल विचारलं होतंस ते राहूनच गेलं. ती तुझ्यापेक्षा बरीच लहान आहे. तिच्या गाडीला एक लंगडं चाक आहे, त्याखाली ती रोज घडी केलेला पुठ्ठा सरकवते, आणि सरकवताना मी दिसलो तर चाकाला पाय लावून धरायला बोलावते. बोलावते म्हणजे हात करते. खोलीत ऊन येतं, पण मी नसताना. रविवारी भिंतीवर दिसतं. मागच्या रविवारी मी बराच वेळ त्या उन्हाकडे बघत बसलो होतो, मग लक्षात आलं की दिवसभरात मी एकही शब्द उच्चारला नाही. म्हणून पाणी पिताना ग्लासाला 'थँक यू' म्हटलं. अडलो नाही!

पेस्ट लावलीस की कळव. पट्ट्यांचा एक फोटोही पाठव.

मुंगळा


५ सप्टेंबर

प्रिय मुंगळ्या,

पेस्ट लावली. कपाळाला टिकली लावावी तशी लावली. चालू झालं. फोटो जोडला आहे, बरोबर निघाला नसेल, माझा हात हलला.

नर्स म्हणाली, "मावशी, बरं नसलं की लोक डॉक्टरला फोन करतात. तुमच्याकडे उलटंच. डब्याला बरं नसलं की तुम्हाला पत्र येतं." मी म्हटलं, गप बस आणि टॉर्च नीट धर.

तुझं ग्लासाचं वाचून मी हसले आणि मग चष्मा पुसावा लागला. मीही परवा दूधवाल्याशी गरज नसताना बोलत उभी राहिले. त्याच्या गाडीचा ब्रेक, त्याच्या मुलीची परीक्षा, सगळं विचारून झालं. तो बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

लिही. वाट बघते.

मावशी


११ ऑक्टोबर

मुंगळ्या,

पुन्हा बंद पडलं. काय करू सांग.

मावशी


२० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

मशीन काल परत बंद पडलं. जूनपासून हे कितव्यांदा, मी मोजणं सोडलं आहे. ऑक्टोबरात आपण विजेचा पुरवठा तपासला, नवी तार घातली, सगळं केलं. सप्टेंबरातला तुझा फोटो मी पुन्हा मोठा करून बघितला. मेमरीची पट्टी अकराशेच्याही पुढे आहे. तुझ्याकडून चुकून सरकत असणार. माउस जुना आहे, पट्टी बारीक, आणि तुझे डोळे. चूक माझी आहे. मी माझं लोढणं तुझ्या गळ्यात बांधून आलो. ह्या वयात तू वाकून स्क्रू काढतेस, कार्ड उघडतेस, मला ते बरोबर वाटत नाही.

शिवाय खरं सांगायचं तर, जे नाणं आपण खणत होतो त्याची पद्धतच बदलली. त्यांना आता अशा कार्डांची गरज नाही. म्हणजे त्याचा तसा उपयोगही उरलेला नाही.

तेव्हा मी ते विकायचं ठरवलं आहे. इथल्या एका मित्राच्या ओळखीचा माणूस तुझ्या भागात असतो. तो शनिवारी येऊन सगळं घेऊन जाईल. तुला काहीच करावं लागणार नाही. खोली मोकळी होईल, आवाज जाईल, विजेचं बिल उतरेल. दारं-खिडक्या उघडून मस्त हवा घे.

मुंगळा


२० नोव्हेंबर

प्रिय मुंगळ्या,

नको. कृपा करून त्या माणसाला नको म्हणून कळव. आजच कळव.

मला काहीही त्रास होत नाही. वाकायला मला आवडतं. आवाजाचं म्हणशील तर तो गेला की ह्या घरात फक्त फ्रिज उरतो, आणि तो मध्येच थांबतो. माझे डोळे उत्तम आहेत, सुईत दोरा मी अजून एका झटक्यात ओवते.

नाणं नसलं तर नसू दे. दुसरे कसले तरी अंदाज करायला लाव त्याला. पण मशीन नेऊ नकोस. ते गेल्यावर तू सकाळी बसमध्ये काय बघणार?

आता मी अशी व्यवस्था केली आहे की ते पुन्हा बंद पडणारच नाही. मेमरी सहाशेवर आणली, वीज आणखी उतरवली, पंखा वाढवला. अगदी सैल ताण. ह्यावर ते जन्मभर चालेल. मी वचन देते. तुला पुन्हा त्याची काळजी करावी लागणार नाही.

मावशी


१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

घाईत दोन ओळी. तू तर कमाल केलीस! नोव्हेंबरपासून मशीन एकदाही बंद पडलं नाही. रोज सकाळी हिरवा ठिपका. मशीन बंद पडलं नाही म्हणजे तू ठणठणीत, हे मला न विचारताच कळतं. इकडे कामाचा डोंगर आहे, म्हणून लिहिणं झालं नाही. ऑफिसात माझी बढती झाली. सविस्तर नंतर.

मुंगळा


९ मार्च

तुम्हाला नमस्कार.

मी तुमच्या मावशींच्या वरच्या मजल्यावर राहते. नर्स म्हणून त्यांच्या पत्रांत माझा उल्लेख येतो, असं त्यांनीच मला सांगितलं आहे, तेव्हा ओळख आहे असं धरून चालते. त्यांच्याच मशीनवरून लिहिते आहे. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला आहे.

मावशी जानेवारीच्या शेवटी घरात पडल्या. मागच्या खोलीतून कपडे घेऊन येताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी पडल्या, आणि मी ड्यूटीवरून संध्याकाळी आले तेव्हा मला कळलं. दिवसभर त्या फरशीवर होत्या. ऑपरेशन झालं, नीट झालं. मी जिथे काम करते तिथेच त्या आहेत, माझ्या नजरेसमोर.

कळवू नकोस अशी त्यांची सक्त ताकीद होती. "त्याचा ठिपका हिरवा आहे ना, मग राहू दे त्याला निवांत," असं म्हणायच्या. रोज मी वॉर्डात शिरले की पहिला प्रश्न, "मशीन चालू आहे ना?" मी म्हणायची, "आहे हो, तुमच्यापेक्षा त्याची तब्येत बरी आहे." तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. बढतीचं ऐकून त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या बाईलाही सांगितलं. 'बंद पडलं नाही म्हणजे तू ठणठणीत' हे वाक्य आलं तेव्हा त्या थोडं हसल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ताकीद मोडून मी आज लिहिते आहे, कारण काल त्यांनी मला त्या पडल्या त्या दिवसाचं सांगितलं. तुम्ही हुशार आहात, कदाचित तुम्हाला आधीच कळलं असेल, पण मी स्पष्टच लिहिते. जूनमध्ये मशीन खरोखरच धुळीने बंद पडलं होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी ते त्यांनी स्वतः बंद पाडलं. तुमचं पत्र येईनासं झालं की ती तिसरी पट्टी पुढे सरकवायच्या. पट्टी सरकवून चहा ठेवायच्या. चहा होईपर्यंत स्क्रीन काळी झालेली असायची आणि दुसऱ्या दिवशीच्या आत तुमचं लांबलचक पत्र. मला हे माहीत होतं. मी टॉर्च धरायची आणि चेष्टा करायची.

त्या दिवशी फरशीवरून त्यांना मशीनचा आवाज ऐकू येत होता. त्यांना वाटलं, सरकत-सरकत मागच्या खोलीपर्यंत गेलं आणि पिन ओढली की तुमच्याकडे ठिपका लाल होईल, तुम्ही काहीतरी कराल. त्या निघाल्या. दारापर्यंतही पोचल्या नाहीत. आणि मशीन काही केल्या बंद पडत नव्हतं, कारण ते बंद पडू नये असं त्यांनीच लावून ठेवलं होतं. तुम्हाला वचन दिलं होतं ना.

तुम्हाला बोल लावत नाही. त्यांच्या डोक्यावरच मीही राहते, आणि सकाळी कामाला जाताना तोच आवाज ऐकून मलाही वाटलं होतं, मावशींचं नेहमीसारखं चाललंय.

वॉर्डातल्या फोनचा नंबर खाली देते आहे. दुपारी त्या जाग्या असतात.


१० मार्च

प्रिय मावशी,

आज दुपारी वॉर्डात फोन आला आणि कुणी बोललं नाही, तो मी होतो.

ऑफिसच्या जिन्यात उभं राहून केला होता. कुणीतरी फोन तुझ्याकडे नेला, पलंगाच्या लोखंडावर काहीतरी आपटलं, आणि तू 'हॅलो' म्हणालीस. मग थोडं थांबून, 'कोण आहे?' माझा 'मा' अडला. तोंड उघडं होतं, श्वास होता, शब्द येईना. तू पुन्हा 'हॅलो' म्हणालीस आणि मी फोन ठेवला. एवढा मोठा झालो, माझ्या हाताखाली आता चार माणसं आहेत, आणि मी फोन ठेवला.

नर्सताईंचं पत्र वाचलं. सरकलेल्या पट्टीचा मला संशय आला नाही असं नाही. नोव्हेंबरात फोटो बघताना एकदा मनात येऊन गेलं होतं. पण तसं असेल तर मला तुला काहीतरी विचारावं लागलं असतं, आणि एकदा विचारलं की बोलावं लागतं. मशीन विकणं सोपं होतं.

आणखी एक. नोव्हेंबरनंतर मशीन काहीच कमवत नाही. तू म्हणालीस तसं मी त्याला दुसऱ्या एका नाण्याच्या मागे लावलं, ज्याला कुणी विचारत नाही. वीज जाळून ते नुसते अंदाज करत होतं. मला फक्त सकाळचा ठिपका हवा होता. तुझी खुशाली कळावी आणि ती तुला विचारायला लागू नये, अशी ती सोय होती. जानेवारीच्या शेवटी, रोजच्यासारखंच, मी बसमध्ये पान उघडलं असणार. हिरवं दिसलं असणार. मग कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघितलं असणार.

बारा एप्रिलपासून रजा मागितली आहे. बढती नवी आहे, देतील की नाही सांगता येत नाही. दिली तरी चार-पाच दिवसच.

तू रागाव माझ्यावर. निदान एक पत्र तसं लिही.

मुंगळा


२१ मार्च

प्रिय मुंगळ्या,

रागावून लिहायचा प्रयत्न केला. दोन ओळींतच तुला थंडीत अंगावर काय घेतोस ते विचारून बसले, म्हणून तो कागद फाडला.

हे पत्र हाताने लिहून नर्सकडे देते आहे, ती टाइप करून पाठवेल. अक्षर वाकडं आहे असं ती म्हणते. पडून लिहिलं तर कुणाचं सरळ येईल? परवा घरी सोडणार आहेत. चौकटीची काठी दिली आहे. ती पुढे टाकायची आणि मग आपण. पहिल्या दिवशी पलंगापासून खिडकीपर्यंत गेले आणि तिथे उभी राहून कितीतरी वेळ नुसता वाहनतळ बघितला. फार सुंदर वाटला.

फोन तुझाच होता हे मला तेव्हाच कळलं. शब्दाआधी तू जो श्वास घेतोस, तो मी जगात कुठेही ओळखेन. मी दुसऱ्यांदा 'हॅलो' म्हटलं ते तुला वेळ मिळावा म्हणून. तू ठेवलास, तरी मी बराच वेळ कानाला धरून होते. शेजारची बाई म्हणाली, "कुणाचा होता?" मी सांगितलं, माझ्या भाच्याचा. "काय म्हणाला?" म्हटलं, आता कुठे सुरुवात केली आहे.

आपण दोघांनी चूक एकच केली. विचारायच्या जागी मशीन ठेवलं. तू ठिपक्यावर विश्वास ठेवलास आणि मी तो ठिपका तुला हवा तसा राखला. वरची बाजू अगदी सुरेख.

म्हणून मी नर्सला सांगितलं आहे, रविवारी सकाळी मशीन बंद कर, पिन काढ. सोमवारी बसमध्ये 'मावशी – बंद' दिसेल. बसमधून उतरू नकोस. मी ठीक असेन, किंवा नसेन, पण ते आता तुला त्या पानावरून कळणार नाही.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर मनाला लावून घेऊ नकोस, नवी बढती आहे. मात्र आलास की पुढची कामं तुला करायची आहेत, माझ्याने वाकवणार नाही.

कार्ड कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानातल्या मुलीला द्यायचं. ती फावल्या वेळात संगणकावर हलती चित्रं काढते, आणि तिचं मशीन एक चित्र काढायला दिवस लावतं असं नर्स सांगत होती. मेमरीची पट्टी आठशेच्या पुढे न्यायची नाही, हे तिला तू समजावून सांग. बसून, शांतपणे. ती घाई करणारी वाटत नाही.

डब्यातले बाहेरचे दोन मोठे पंखे नर्सला. रात्रपाळी करून आली की भर दुपारी तिला झोप लागत नाही, वरची खोली तापते. ती नको म्हणेल. तरी लाव.

माझं शिलाई मशीन वॉर्डात माझ्या शेजारी असलेल्या बाईला. पायाने चालवायचं मला आता जमणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिचे पाय चांगले आहेत, नुसतं पोटाचं दुखणं होतं. ताणाची चकती मी लावून ठेवली आहे तशीच राहू दे म्हणावं, निदान पहिल्या कपड्यापर्यंत. कात्री आणि टेपही तिलाच. अंगुस्तान मी ठेवणार आहे, ते कुणाच्या बोटाला बसत नाही.

उरलेल्या संगणकावर पत्रं लिहिता येत असतील तर तो राहू दे, नाहीतर तोही त्या मुलीला. मशीनची पिन लावायचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि ऑक्टोबरात घातलेली नवी तार दूधवाल्याला, त्याने मागितली होती. मागची खोली तुला. चार दिवसांसाठी असली तरी तुला. तिथे आता पलंग मावतो.

आणि फोन कुणाला द्यायचा नाही. तो मी पलंगाशेजारी हाताला येईल असा ठेवून घेते आहे. तू कर. 'मा'वर अडलास तर अडलास, तिथेच थांब, ठेवू नकोस. पलीकडे कुणी बोललं नाही तरी तो फोन मला.

तुझी,
मावशी